लेकराची छाती आईच्या पोटातच कशी घडते

दिवाळी उलटून थंडी पडायला लागली की आमच्या मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी लहान मुलांच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. बाकड्यावर आया आणि आज्या, मांडीवर लेकरं, आणि आतून वाफेच्या मशीनची घरघर. मागच्या हिवाळ्यात अशाच एका दवाखान्यात मी एका आजीशेजारी बसले होते. नातू चौदा महिन्यांचा. मास्क तोंडाजवळ नेला की तो मान फिरवून आजीच्या पदरात तोंड खुपसायचा. श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली दर वेळी खळगा पडत होता. आजी म्हणाली, "आमच्या घराण्यातच छाती हलकी हाय बघा. ह्याच्या बापाचंबी असंच व्हतं."

आई भिंतीला टेकून उभी होती, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल. मी ती चाळली. बाळ आठव्या महिन्यात झालेलं, जन्मवजन १ किलो ७०० ग्रॅम, आईचं रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, बाळंतपणाच्या वेळी ८ ग्रॅम. आजी ज्याला घराणं म्हणत होती, त्यातलं बरंचसं त्या तीन ओळींत लिहिलेलं होतं.

आशा आणि अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणाला मी बरीच वर्षं जाते. "लेकराला सारखा कफ का होतो?" हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. उत्तरंही ठरलेली असतात: केळी खाल्ली, दही खाल्लं, थंड पाण्यानं न्हाऊ घातलं. मूल जन्मायच्या आधीच्या नऊ महिन्यांत काय झालं, हे कुणी विचारत नाही. आज तेवढंच समजून घेऊ.

शेतात ठिबक अंथरतो तसं

ठिबक पाहिलेल्या माणसाला फुप्फुस समजायला वेळ लागत नाही. विहिरीपासून एक मोठा पाइप येतो, त्याला सबमेन, सबमेनला बारीक नळ्या आणि नळ्यांना ड्रिपर. मोठा पाइप म्हणजे श्वासनलिका. ती छातीत दोन होते, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि अशा वीसहून जास्त वेळा फुटत जाते. शेवटी ड्रिपरच्या जागी बारीक फुगे असतात. त्यांना वायुकोश म्हणतात. हवेतला प्राणवायू रक्तात शिरतो तो या वायुकोशांतून.

गर्भ राहिल्यावर साधारण चौथ्या आठवड्यात बाळाच्या अन्ननलिकेच्या भिंतीतून एक इवलासा कोंब फुटतो. पुढे त्याला फाटे फुटत जातात. चौथा महिना संपत येतो तोवर हवा वाहून नेणाऱ्या सगळ्या नळ्या अंथरून झालेल्या असतात. त्यानंतर त्या लांब होतील, रुंद होतील. नवा फाटा मात्र फुटत नाही. पुढे आयुष्यभर तेच जाळं वापरायचं असतं.

आता आपल्याकडचा हिशेब बघा. एक पाळी चुकते, मग दुसरी. "तीन महिने कुणाला सांगू नये" म्हणून घरात गप्प राहतात. आशाताईंच्या वहीत नाव चढेपर्यंत तिसरा संपलेला, कधी चौथा. म्हणजे गोळ्या, तपासणी, सल्ला सुरू होतो तेव्हा लेकराच्या छातीतलं ठिबक जवळपास अंथरून झालेलं असतं. बारा आठवड्यांच्या आत नोंदणी करा असं आरोग्य खातं सांगतं, त्यामागे हेही एक कारण आहे. दृष्ट लागेल म्हणून गावाला सांगू नका, चालेल. आशाताईला सांगा.

नळी अरुंद राहिली तर काय बिघडतं? हवेची नळी निम्म्या रुंदीची झाली, तर तिच्यातून हवा जायला होणारा अडथळा दुप्पट नाही, सोळापट होतो. एकच सर्दी दोन मुलांना होते. एकाचं नाक चार दिवस गळतं, दुसऱ्याची छाती शिट्टी वाजवायला लागते. दुसऱ्याच्या नळ्या मुळातच बारीक असतील, तर त्यात थोडी सूज आणि थोडा कफ एवढंही पुरतं. क्षार साचलेली ठिबकची बारीक नळी कशी चोक होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही?

हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलं असेल. ते चूक आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसाच्या फायद्याचा असतो, आणि आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्या बाळापेक्षा श्वासाच्या बाबतीत पुढे असतं.

भाजीची पातळ प्लॅस्टिकची पिशवी आतून ओली झाली की तिच्या बाजू एकमेकींना चिकटतात, फुंकर मारूनही उघडत नाहीत. वायुकोश आतून ओलेच असतात. ते चिकटू नयेत म्हणून फुप्फुस एक साबणासारखा निसरडा पदार्थ तयार करतं, त्याचं नाव सरफॅक्टंट. तो साधारण २४ आठवड्यांपासून तयार व्हायला लागतो आणि ३४-३५ आठवड्यांच्या सुमारास पुरेसा होतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला ती चिकटलेली पिशवी नव्यानं उघडावी लागते. ते दमतं, निळं पडतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते. प्रसूती कशानं सुरू होते, एवढंच त्यांना शोधायचं होतं. पोटात असतानाच स्टिरॉइड दिलेली कोकरं फार लवकर जन्मली. ती जगायला नको होती, पण श्वास घेत होती. त्या औषधानं फुप्फुसं वेळेआधी पिकली होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी हेच गर्भवती बायकांमध्ये करून दाखवलं. आज मुदतीआधी कळा सुरू झालेल्या बाईला २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात: ६ मिलिग्रॅमची चार, बारा बारा तासांनी. औषध स्वस्त आहे आणि सरकारी दवाखान्यात मिळतं. पण त्याला काम करायला वेळ लागतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट दुखायला लागलं, पाणी गेलं, तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही. रात्रीच १०८ ला फोन लावायचा. त्या काही तासांवर बाळाचा पहिला श्वास अवलंबून असतो.

मुहूर्त काढून सिझर करण्याची नवी हौसही याच जागी आडवी येते. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की ते पाणी शोषून घ्यायचा इशारा फुप्फुसाला मिळतो. कारण नसताना, ३९ आठवड्यांच्या आधी, कळा न येता सिझर केलं तर बाळाला जन्मल्यावर धाप लागण्याची शक्यता वाढते. डॉक्टर गरज म्हणून सिझर सांगतात तेव्हा वेळ घालवू नका. पण पंचांग बघून तारीख अलीकडे ओढू नका.

रक्त कमी, त्यात धूर

बाळ पोटात श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू पोचतो तो आईच्या रक्तातून, वारेमार्फत (प्लासेंटामार्फत). ही वाहतूक रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. ते एसटीसारखं समजा. गर्भवतीचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की गाड्या कमी पडल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या गर्भवतींपैकी निम्म्याहून जास्त जणींमध्ये, ५२ टक्क्यांच्या आसपास, रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलं की बाळ कमी वजनाचं आणि कमी दिवसांचं होण्याचा धोका वाढतो, आणि कमी दिवसांचं म्हणजे काय ते आपण वर पाहिलं.

आता यात चुलीचा धूर घाला. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. गर्दीच्या एसटीत लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा हा वायू हिमोग्लोबिनवरची जागा धरून बसतो. प्राणवायू दारात उभा राहतो. बाळाच्या रक्तात हा रुमाल आणखी घट्ट बसतो. म्हणजे गाड्या आधीच कमी, आणि आहेत त्यांत जागा अडवलेल्या.

गेल्या फेब्रुवारीत एका वस्तीवर गेले होते. पत्र्याचं शेड, खिडकी नाही, दाराशी तुराट्यांचा भारा. सहावा महिना असलेली पोर फुंकणीनं जाळ करत होती. डोळे लाल, दर दोन मिनिटांनी पदरानं पुसत होती. कोपऱ्यात गॅसची टाकी होती, वर जुन्या साडीचं आवरण, त्यावर देवाचा फोटो. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणे आले की लावतो. रोज कुठून परवडती टाकी?" उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली, टाकी घरोघर पोचली, पण पऱ्हाट्या-तुराट्या शेतात फुकट मिळतात आणि टाकी भरायला पैसे लागतात. त्या घरात कुणी मुद्दाम वाईट करत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की वर्षात दोन-तीनच टाक्या परवडत असतील तर त्या पाव्हण्यांसाठी राखू नका, पोर गरोदर असेल त्या महिन्यांत वापरा. आणि चुलीशिवाय इलाजच नसेल तर चूल अंगणात आणा, उघड्यावर.

डासांच्या कॉइलकडंही लक्ष द्या. बंद खोलीत जळणाऱ्या एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं एका प्रयोगात मोजलेलं आहे. मच्छरदाणी बरी.

मिसरीबद्दल थोडं स्पष्ट बोलते

आपल्याकडे बाई बिडी ओढत नाही, म्हणून तंबाखूचा प्रश्न नाही असं समजतात. मिसरी किंवा मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. सकाळी दात घासायला सुरू होते, मग पोट साफ होत नाही म्हणून दुपारी, मग भूक मारायला. मळमळ थांबते म्हणून गरोदरपणात ती वाढतेसुद्धा. मुंबईत १२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न ओढता तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि मुदतीआधी जन्मण्याचं प्रमाण जास्त आढळलं. तंबाखूतलं निकोटिन वार ओलांडून बाळापर्यंत जातं. त्यानं फुप्फुसातल्या नळ्यांची वाढ बिघडते, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. नवऱ्यानं घरात ओढलेली बिडीही बाळापर्यंत पोचते, तिला उंबरा अडवत नाही.

"गोळ्यांनी बाळ मोठं होतं, बाळंतपण अवघड जातं"

लोहाच्या लाल गोळ्या गादीखाली का जातात, याचं हे पहिलं कारण. दुसरं, "बाळ काळं होतं." तिसरं खरं आहे: मळमळतं आणि शौचाला काळं होतं. काळं होणं निरुपद्रवी आहे. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेऊ नये, लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको, वेगळ्या वेळी घ्यावी. लिंबू पिळलेलं पाणी किंवा आवळा सोबत असेल तर उत्तम.

बाळाचा रंग गोळीवर ठरत नाही. आणि बाळ "मोठं" होण्याच्या भीतीनं गरोदर बाईला कमी खाऊ घालणं हा तर आपल्या भागातला जुना घात आहे. आपल्याकडे अडचण लहान बाळांची आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून गर्भवतींचा अभ्यास केला. त्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं जन्मतः भरलेली दिसली. अंबाडी, मेथी, शेपू, हरभऱ्याचा पाला, घोळ, आणि भाकरीसोबत कारळाची किंवा शेंगदाण्याची चटणी. यात महाग काही नाही. ताटात तिला सगळ्यांच्या शेवटी जे उरतं ते मिळतं, अडचण तिथं आहे.

साखरेचंही पाहावं लागतं. आईची साखर वाढलेली असेल तर सरफॅक्टंट उशिरा तयार होतो, म्हणून पूर्ण दिवसांच्या भरल्या अंगाच्या बाळालाही धाप लागू शकते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत करून घ्यावी. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गर्भवतींची मोफत तपासणी असते, तिथं ती होते.

"आमच्या आयांनी चुलीवरच रांधलं, आम्ही ठणठणीतच आहोत की"

हे ऐकलं की मी समोरच्या आजीला विचारते, तुम्हाला किती झाली? "सात झाली, चार राहिली." राहिलेली चार ठणठणीत असतात. तिघांबद्दल विचारलं तर आजी थांबते. एकाचं "पोट उडत होतं", म्हणजे धाप लागली होती, एक "थंडीत गेलं." तिला सगळं आठवत असतं.

दुसरा आक्षेप शिकलेल्या माणसांचा, आणि तो वजनदार आहे. भारतासह चार देशांत ३२०० गर्भवतींवर एक मोठा प्रयोग झाला, भारतातला भाग तमिळनाडूत. निम्म्या घरांना गॅस दिला, निम्म्या घरांत जुनीच चूल राहिली. २०२२ आणि २०२४ मध्ये निष्कर्ष आले: बाळांच्या जन्मवजनात आणि गंभीर न्यूमोनियात म्हणावा असा फरक पडला नाही. मग गॅसचा आग्रह कशाला?

मी हे निष्कर्ष लपवणार नाही. पण त्या प्रयोगात बायकांची नोंदणी ९ ते २० आठवड्यांच्या दरम्यान झाली, शेगडी त्यानंतर मिळाली. नळ्या अंथरून होण्याची वेळ तोवर बऱ्याच जणींची सरत आलेली होती. शिवाय एका घरातला धूर गेला तरी शेजारच्या चुली, कचरा, वीटभट्ट्या तशाच राहतात. दुसरीकडे घानामध्ये झालेल्या अभ्यासात, गरोदरपणी आईच्या अंगात जास्त कार्बन मोनॉक्साइड गेलेल्या बाळांची फुप्फुसाची ताकद कमी दिसली. मला यातून एवढंच कळतं, की एकट्या टाकीनं भागणार नाही. ती लवकर लागते, आणि तिच्यासोबत रक्त, अन्न, आराम हे सगळं लागतं.

आईलाच दमा असेल तर

"औषध पोटातल्या बाळाला लागेल" म्हणून दिवस गेले की पंप बंद करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हे फार धोक्याचं आहे. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं, रक्तात फार थोडं उतरतं. दम्याचा झटका आला तर आईचा प्राणवायू खाली जातो, आणि बाळाचा त्याहून आधी तुटतो. गर्भारपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, तेवढ्याच जणींचा कमी होतो, बाकीच्यांचा होता तसा राहतो. आपला कुठल्या बाजूला जाईल ते आधी कळत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला पंप चालू ठेवायचा.

ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचं काय?

बीड, धाराशिव, जालन्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. पोटात पाच महिन्यांचं लेकरू घेऊन बाई मोळ्या वाहते. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, चूल, तिथंच झोप. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं टोळीच्या मुकादमाला सुट्टी मागायची सोय नाही. तिला "आराम करा, पालेभाजी खा" सांगणं मला जड जातं. जिथं नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे दोघांचं मिळून एकच काम, धरतात, तिथं तिची विश्रांती तिच्या हातात नसतेच. पण एक गोष्ट होते: माता-बाल संरक्षण कार्ड सोबत न्या. कारखान्याच्या भागातल्या उपकेंद्रात त्याच कार्डावर तपासणी, गोळ्या आणि लसी मिळतात. निघण्याआधी गावच्या आशाताईकडून दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्या.

आणि कमी वयातली लग्नं. परभणी आणि बीड जिल्हे यात राज्यात फार वर आहेत. सतराव्या वर्षी आई होणाऱ्या पोरीचं स्वतःचं अंगच अजून वाढत असतं. तिच्या ताटातलं दोघांना पुरत नाही, आणि बाळ हलकं निघतं.

आठवा लागलाय, आता उशीर झाला का?

नाही. नळ्यांचं काम झालेलं असलं तरी वायुकोशांचं तेव्हा कुठं सुरू होतं. जन्मतः ते काही कोटी असतात, मोठेपणी तीस कोटींच्या आसपास जातात. ते काम जन्मानंतरही काही वर्षं चालू राहतं. शिवाय रोगाशी लढणारी आईची प्रतिद्रव्यं बाळाकडे सगळ्यात जास्त जातात ती शेवटच्या तीन महिन्यांत. फ्लूची लस गरोदरपणी घेता येते, ती आईसोबत बाळाच्या पहिल्या काही महिन्यांचंही रक्षण करते. डॉक्टरांना विचारा. पुढे सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, बाळाच्या लसी वेळेवर, आणि बाळंतिणीच्या खोलीत शेकशेगडीचा, धुरीचा धूर नको. ओव्याची धुरी बाळाला देणं आपल्याकडे मायेनं केलं जातं. माया खरी आहे, पण धूर तो धूरच.

याचा संबंध फक्त बालपणाशी नाही. माणसाच्या फुप्फुसाची ताकद विशी-पंचविशीत सगळ्यात जास्त असते, मग हळूहळू उतरते. आपल्या विहिरींसारखं आहे हे. दिवाळीला विहीर काठोकाठ असेल तर मे महिना निघतो. अर्धीच भरली असेल तर फेब्रुवारीत तळ दिसतो. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९९१ मध्ये दाखवलं, की जन्मतः वजन कमी असलेल्या पुरुषांची फुप्फुसं साठीच्या आसपासही कमकुवत होती. कधी बिडी न ओढलेली, पण साठीत चार पायऱ्यांवर दम लागणारी आपली आजी आठवा. तिची विहीर किती भरली होती, आणि वर चुलीनं किती उपसली?

श्वास मोजायचा कसा

घरात कमी दिवसांचं किंवा अडीच किलोच्या आतलं लेकरू असेल तर हे घरातल्या प्रत्येकाला यायला हवं. बाळ शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, अंगरखा वर करा. घड्याळ किंवा मोबाइल समोर धरून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त आले, तर त्याच दिवशी दवाखाना. बरगड्यांखाली खळगा पडत असेल, दूध ओढत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसू नका, तसंच उचला. बिब्ब्याचे चटके नकोत, छातीला तेल-हळद लावण्यात रात्र घालवू नका. जाताना बाळाच्या जन्माच्या वेळची फाइल पिशवीत घाला आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा: किती दिवसांचं झालं, किती वजनाचं होतं, गरोदरपणी आईचं रक्त किती होतं.